रुमालाखालची बोली

१

नांदूरघाटच्या लिलावात त्या सकाळी गीताबाई केकाणांचा सीताफळाचा ढीग किमान भावानं गेला, आणि आवारात जो गलका उठला तो पार एसटी थांब्यापर्यंत ऐकू गेला. का नाही उठणार? बाईंची फळं मोठ्या डोळ्यांची, एका हातात मावणार नाहीत अशी. तसल्या मालाला किलोमागे साठ रुपये सहज मिळावेत, तो गेला विसानं! आणि घेतला कुणी? मकसूद बागवानांनी. हंगाम लागल्यापासून चांगला माल मातीमोल गेला की घेणारे मकसूदच, हे आता शेंबड्या पोरालाही पाठ झालं होतं.

माळरान सीताफळ उत्पादक कंपनीचा लिलाव संगणकावर चालतो. एकेक ढीग बोलीला निघतो, व्यापारी मोबाइलवरून आपला भाव टाकतात. तो भाव मशीनमध्ये कुलूपबंद होतो, कुणाला दिसत नाही. वेळ संपली की मगच सगळे भाव उघडता येतात, आणि ज्याचा जास्त त्याचा माल; भाव सारखे पडले तर ज्याचा आधी, त्याचा. बाहेर फलकावर फक्त घेणाऱ्याचं नाव आणि भाव लागतो. ही सगळी व्यवस्था बसवली होती हीना तांबोळीनं. पोरगी हुशार, गावातलीच. आणि मकसूद बागवान तिचे सख्खे मामा. झालं की नाही मग!

अध्यक्ष रामकिसन हंगे यांनी हीनाला सगळ्यांदेखत खुर्चीवरून उठवलं आणि केजच्या वकीलबाईंना फोन लावला.

"वकीलबाई, दुपारच्या लिलावाआधी या. पोरीवर पोलीस केस करायची का न्हाई, ते ठरवायचंय."

"ठरवून मोकळे झालात की तुम्ही," वनमालाबाई म्हणाल्या. "मला कावून बोलावता? शिक्का मारायला?"

तरीही त्या आल्या. वनमाला खेत्रे यांची हयात केजच्या कोर्टात गेली होती. बाईंचा स्वभाव तिखट. त्यांचं वाक्य कुणी मधे तोडलं की त्याची धडगत नसे. संगणकातलं त्यांना फारसं कळत नव्हतं, आणि ते सांगायला त्या लाजतही नव्हत्या. त्यांनी स्कूटर लिंबाखाली लावली, आवारात बसलेल्या हीनाकडे नीट पाहिलं. पोरीचे डोळे सुजले होते.

"भाव मामाला सांगितलेस?" बाईंनी सरळच विचारलं.

"न्हाई मॅडम."

"सगळे असंच म्हणतात."

"मॅडम, मी सांगणार काय? वेळ संपेपर्यंत भाव मला पण दिसत न्हाईत. दिसूच नयेत असंच कुलूप केलंय मी."

रामकिसनराव फिस्सकन हसले. "ऐका! विहीर खांदणारी म्हणती, पाणी कसं लागतं मला ठावं न्हाई!"

वनमालाबाई हसल्या नाहीत. पोरगी खरं बोलत असेल तर चोरीला गेलं तरी काय, हेच त्यांना कळेना.

२

कचेरीत बसतायत तोच दारात एक पांढरी गाडी थांबली. विजयसिंह घाडगे उतरले. माजलगाव रस्त्याला त्यांचं शीतगृह. सीताफळ तसंच थंडीत ठेवलं तर काळं पडतं, म्हणून ते गर काढून गोठवतात आणि मोठ्या शहरांतल्या आइस्क्रीमवाल्यांना विकतात. माणूस मोठा, बोलणं मऊ.

"वकीलबाई, पोरगी गरिबाघरची आहे," खुर्ची ओढत ते म्हणाले. "केस-बिस नको. कामावरून काढा आणि मिटवा. आणि खरं सांगू का, सकाळच्या ढिगात तिचा दोष काय? मकसूदशिवाय एकानंसुद्धा बोली लावली नाही त्याच्यावर. बाकीच्यांच्या गाड्या भरल्या होत्या. नशीब गीताबाईंचं, दुसरं काय."

"तुम्ही लई कनवाळू दिसता," बाई म्हणाल्या.

"माणसानं माणसाच्या उपयोगी पडावं," म्हणून ते चहा न घेताच निघून गेले. रामकिसनरावांनी त्यांना गाडीपर्यंत पोचवलं. मोठ्या माणसाला कुणी एकटं जाऊ देतं का?

मग बाईंनी हीनाला मशीनपाशी बसवलं आणि अध्यक्षांच्या संमतीनं आतापर्यंतच्या उघडलेल्या बोल्या दाखवायला लावल्या. घेणारा सोडून बाकीच्यांच्या बोल्या कुणी आजवर मागितल्याच नव्हत्या. रामकिसनराव पहिल्यांदाच बघत होते. सकाळचा ढीग निघाला. खरंच, मकसूदांची एकच बोली, वीस रुपयांची.

"बघा!" रामकिसनराव म्हणाले.

"थांबा," बाई म्हणाल्या. "हा दुसरा बघा. इथं चौघांनी बोली लावली. बाकीच्यांत सगळ्यात वरचा भाव एक्केचाळीस. मकसूदभाईंनी किती लावला?"

"एकसष्ट."

"एक्केचाळीस माहीत असते, तर माणूस बेचाळीस लावील की एकसष्ट?"

बाईंनी आणखी दहा-बारा ढीग बघितले. जिथं दुसरं कुणी नाही तिथं मकसूद न चुकता किमान भाव लावत. जिथं इतर होते, तिथं मालाचा पुरेपूर भाव लावत, कधी नको तेवढा जास्त. दोन ढीग तर एकेका रुपयानं हातचे गेले होते.

"मामा भाव चोरत असेल, तर लई खुळा चोर आहे," बाई म्हणाल्या. "रामकिसनराव, तुम्ही आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी पाठवलाय. ह्या माणसाला कुणाचाच भाव माहीत नाही. त्याला फक्त एवढंच कळतं, की आपल्याशिवाय ढिगावर कुणी आहे का नाही. पोरीनं फोडायचं असतं तर तिनं अर्धंमुर्धं कशाला फोडलं असतं?"

"पन कळतं कसं? ते तरी कुटं दिसतंय?"

दुपारच्या लिलावाला दीड-दोन तास उरले होते, आणि आवारात दोघे-तिघे शेतकरी पोलिसांना बोलवा म्हणून ओरडायला लागले होते.

३

मकसूद बागवान शेडमध्ये फळं दाबून बघत होते. साठीचा माणूस, दाढी मेंदीनं रंगवलेली. बाईंना बघून त्यांनी क्रेट उलटा घालून बसायला दिला.

"बाई, कुराणावर हात ठेवून सांगतो, भांजीनं मला एक अक्षर सांगितलं न्हाई. ईदला बी आमी सौद्याचं बोलत न्हाई."

"मग रिकामा ढीग तुम्हाला नेमका कसा सापडतो?"

"नशीब म्हणा." मग त्यांनाच ते उत्तर आवडलं नसावं. हातातलं फळ खाली ठेवत ते म्हणाले, "मला ह्या मशीनचा सौदा पटतच न्हाई. आमच्या अब्बाच्या वक्ताला रुमालाखाली सौदा व्हायचा. दलालाच्या हातावर रुमाल, रुमालाखाली बोटं. कुणी किती बोटं दाबली, बाजूच्याला पत्ता न्हाई."

"म्हणजे असंच, कुलूपबंद."

"कुठलं कुलूपबंद! अब्बा लांब पान खात उभे राहायचे. म्हणायचे, बेटा, बोटं कावून बघतोस, रुमाल बघ. रुमाल हलला की समज, गिऱ्हाईक हाय. न्हाई हलला, तर पडेल भावात माग."

वनमालाबाई एकदम उठून उभ्या राहिल्या. क्रेट कलंडला. कोर्टात साक्षीदार आपल्याच तोंडानं निसटला की त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते आता आलं होतं.

"मकसूदभाई, मोबाइलवर रुमाल हललेला तुम्हाला दिसतो?"

"मला?" मकसूदांनी आपला बटनांचा फोन खिशातून काढून दाखवला. "बाई, ह्याच्यावर बोली कशी लागंल? मी माल दाबून बघतो, दर्जा सांगतो. भाव मी लावतच न्हाई. आमची भागीदारी हाय. माझ्या नावानं बोली विजयसिंहराव लावतात, त्यांच्या हापिसातून. त्यांचा अंदाज लई पक्का."

४

बाई कचेरीत परतल्या तेव्हा माजलगावहून भारत तोंडे येऊन बसला होता. लिलावाचं मशीन खरं तर कंपनीनं त्याच्याकडून भाड्यानं घेतलेलं. माजलगावला एक मोठं मशीन, त्यात सहा भाडेकरू मशिनं नांदत होती. प्रत्येकाला वाटावं, आख्खं मशीन आपलंच. एकात लिलाव, एकात शाळेचे निकाल, एकात दवाखान्याचे कागद, असं चाललेलं.

"मॅडम, भिंती पक्क्या आहेत," तो घाम पुसत म्हणाला. "ह्या घरातला त्या घरात जाऊच शकत नाही. मी सकाळपासून तपासतोय. कुणी शिरलेलं नाही."

"कुणी शिरलं, असं मी म्हणतच नाही. हीना, मला एवढंच सांग. तुझ्या मशीनचा रुमाल हलतो का?"

हीनाला आधी कळेना. बाईंनी मकसूदांची गोष्ट सांगितली, तशी पोरगी ताठ बसली.

"हलतो," ती हळूच म्हणाली. "या अल्ला, लई हलतो! मॅडम, प्रोसेसरमध्ये मोजण्या असतात. काउंटर म्हणतात. किती काम झालं, मेमरीकडं किती खेपा मारल्या, हे तो सारखा मोजत असतो. मशीन हळू का चालतंय, ते त्यावरून कळतं. आता भाडेकरूला त्याच्या स्वतःच्या कामाची मोजणी दाखवली तर काही बिघडत न्हाई. पण काही काउंटर सगळ्या घराचे मिळून असतात. वाड्याला एकच वीज मीटर असावा तसे. ते दिसले, की शेजाऱ्याची गिरणी कधी फिरली ते कळतं. म्हणून भाडेकरूला कुठले दाखवायचे, कुठले न्हाई, ते मालकानं निवडायचं असतं."

"आणि तुझी गिरणी एका बोलीला किती फिरते?"

"मी कुलूप मुद्दाम जड केलंय, कुणाला फुटू नये म्हणून. एक बोली कुलूपबंद करायला मशीन दोन-तीन सेकंद धापा टाकतं. मीच केलंय, मॅडम. जेवढं जड कुलूप, तेवढा मोठा आवाज."

"आणि ढीग एकामागून एक निघतात. म्हणजे कुठल्या ढिगाला किती धापा, तेही कळणार," बाई म्हणाल्या आणि भारतकडे वळल्या. "भारत, विजयसिंहरावांच्या शीतगृहाचंही एखादं मशीन तुमच्याकडे भाड्यानं आहे का?"

भारतचा चेहरा पडला. "विजयसिंहराव म्हणाले होते, आमचं हळू चालतंय, मोजण्या दाखवा. मोठं गिऱ्हाईक. घरच्यासारखा माणूस. चार काउंटर पुरले असते, पण ते शेकड्यानं असतात. एकेक निवडत कोण बसणार? म्हणून मी सगळेच उघडले. ते दार थोडंच आहे, मॅडम? नुसते आकडे!"

"सगळेच?" हीना ओरडली. "भारतदादा, कावून?"

रामकिसनराव उठले, पोलिसांना फोन लावायला निघाले. बाईंनी त्यांना हातानंच थांबवलं.

"दार उघडं होतं, एवढंच कळलंय. आत कुणी डोकावलं, हे कळलेलं नाही. विजयसिंहराव म्हणतील, माझा अंदाज. गावही म्हणेल, पोरीनंच मामाला सांगितलं, मामानं त्यांना. आपल्याला असा पुरावा पाहिजे की त्यात हीनाला जागाच उरू नये. गीताबाईंचा माल शिल्लक आहे?"

"हाय की, सकाळच्याच झाडांचा. मकसूदभाईनं दर्जा बी लावलाय त्याला," रामकिसनराव म्हणाले.

"मग त्याचे दोन सारखे ढीग करा. आणि भारत, काउंटर बंद करायचे नाहीत. अजून नाही."

गीताबाई दारात उभ्या राहून हे ऐकत होत्या. "बाई, माजा माल दोनदा लुटायला लावता का काय?" त्या कळवळून म्हणाल्या. तीन दिवसांत पिकून फुटणारं फळ. ते घरी नेऊन त्या करणार काय? बाईंना त्यांची दया आली, पण त्यांनी ढीग करायला लावलेच.

५

दुपारी रामकिसनरावांनी सगळ्या व्यापाऱ्यांना कचेरीच्या आतल्या खोलीत चहाला बोलावलं. नव्या नियमांबद्दल बोलायचंय म्हणाले. आत घेताना प्रत्येकाचा फोन पितळी ताटात ठेवून घेतला. मकसूदही आले, भारतही बसला. चहा झाला, भजी झाली, रामकिसनरावांचं भाषण लांबतच गेलं. त्यांना तेवढंच चांगलं येत होतं.

बाहेर गीताबाईंचा पहिला ढीग बोलीला निघाला. हीना वनमालाबाईंच्या शेजारी मशीनपुढं बसली होती, दोन्ही हात मांडीवर. ढीग निघाल्यावर बाईंनी तिला कशालाही शिवू दिलं नाही. वेळ संपत आली तेव्हा एक बोली पडली.

मग दुसरा ढीग निघाला. तीच झाडं, तेवढीच क्रेट, तोच दर्जा.

"आता," बाई म्हणाल्या.

हीनानं एक रिकामं पाकीट कुलूपबंद केलं. आत ना नाव, ना भाव. मशीननं धापा टाकल्या. जरा थांबून तिनं दुसरं केलं, मग तिसरं, चौथं. पाच-सहा पाकिटं झाली, सगळी पोकळ. पोरीची भाकरी त्या पोकळ पाकिटांवर टांगलेली होती. विजयसिंहांनी ह्याही ढिगाला वीसच लावले असते, तर उद्या तिला ह्या गावात कुणी दारात उभं केलं नसतं.

शेवटच्या मिनिटाला एक खरी बोली पडली. वेळ संपली.

"उघडू?" हीनानं विचारलं.

"तू नाही. सगळ्यांना बाहेर बोलाव. विजयसिंहरावांनाही फोन कर. म्हणावं, तुमच्या भागीदारीला माल लागलाय, न्यायला या."

६

आवारात माणसं दाटली. विजयसिंह गाडीतून हसतमुखानं उतरले. रामकिसनरावांनी सगळ्यांसमोर दोन्ही ढिगांच्या बोल्या उघडल्या.

पहिला ढीग, बोली एक. मकसूद बागवान, वीस रुपये.

दुसरा ढीग, बोली एक. मकसूद बागवान, बासष्ट रुपये.

गर्दीत कुजबुज झाली. मकसूद आपल्या बटनांच्या फोनकडे बघत राहिले. तो रामकिसनरावांनी बाहेर आणलेल्या ताटात अजून तसाच होता.

"विजयसिंहराव," वनमालाबाई म्हणाल्या, "एकाच बागेचा, एकाच दर्जाचा माल. एकाला वीस, एकाला बासष्ट. हे कसं?"

"अंदाज, वकीलबाई. दुसऱ्याला चढाओढ असेल असं वाटलं."

"अंदाज असता, तर दोन्हीला सारखाच आला असता. बरं, मला सांगा, कुणी तुम्हाला आतल्या बोल्या फोडून सांगितल्या का?"

"छे, छे! तसलं काही नाही."

"मलाही पटतंय. बोल्या दिसणाऱ्या माणसाला कळलं असतं, की दुसऱ्या ढिगावरही कुणीच नाही. त्यानं तोही विसानंच उचलला असता. सगळे व्यापारी आत चहा पीत होते. ह्या पोरीनं फक्त पोकळ पाकिटं कुलूपबंद केली. बोली एकही नव्हती, होता तो निव्वळ खडखडाट. म्हणजे जो बोल्या बघतो तोही फसत नाही, आणि ज्याला काहीच कळत नाही तोही फसत नाही. फसतो तो एकच, ज्याला भिंतीपलीकडचा खडखडाट तेवढा ऐकू येतो. भारतनं उघडून दिलेल्या काउंटरवर तो ऐकू येतो. आणि सकाळी गीताबाईंच्या ढिगावर एकच बोली होती, हे तुम्ही मला सांगितलंत. फलकावर ते लागत नाही. अध्यक्षांनाही माहीत नव्हतं. तुम्हाला कुणी सांगितलं?"

विजयसिंहांचा मऊपणा गेला. "मी कुणाचं कुलूप तोडलं? कुणाच्या मशीनमध्ये शिरलो? माझ्या भाड्याच्या मशीनवर जे आकडे दिसले ते बघितले. बघणं गुन्हा आहे का?"

"गुन्हा आहे का, ते कोर्ट बघंल," बाई शांतपणे म्हणाल्या. "पण ते बघून ह्या माणसांच्या पोटावर तुम्ही पाय दिलात, आणि नाव पोरीचं जात होतं तेव्हा मिटवा म्हणत इथं येऊन बसलात. मला राग त्याचा आहे."

गीताबाई पुढं आल्या. ह्या बाई आता शिव्या घालणार म्हणून लोक सरकले, पण त्यांनी विजयसिंहांकडे पाहिलंसुद्धा नाही, त्या मकसूदांपुढं जाऊन उभ्या राहिल्या. मकसूदांनी सगळ्यांदेखत कानाला हात लावले आणि सकाळचा आणि आत्ताचा विसाचा माल परत घ्या, फेरलिलाव करा, असं सांगितलं. दुसरा ढीग मात्र लागलेल्या भावानंच, बासष्टनं, जाईल, असं रामकिसनरावांनी जाहीर केलं, तेव्हा एवढ्या गंभीर प्रसंगातही दोघे-तिघे फिदीफिदी हसले.

भारत कचेरीत जाऊन माजलगावच्या मशीनवरचे शेकड्यांनी काउंटर बंद करत बसला. कुठल्या भाडेकरूला काय दाखवायचं, ते आता तो एकेक निवडत होता.

रामकिसनराव हीनासमोर येऊन उभे राहिले. काय बोलावं ते त्यांना सुचेना. भाषण करणाऱ्या माणसाची ही तऱ्हा.

"पोरी, झालं गेलं इसरून जा. मामा तुजा, म्हणून वाटलं आमाला."

"काका, इथं निम्म्या गावाचे मामा व्यापारी हायेत," हीना म्हणाली. "खुर्चीवरून मलाच उठवलं तुमी."

रामकिसनरावांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, उगाच झटकलं, पुन्हा घातलं. "चुकलं माजं," ते म्हणाले. आवारातल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले. "उद्यापास्नं ये कामाला."

हीनाला रडू फुटलं. सकाळपासून दाबलेलं सगळं बाहेर आलं आणि ती आडोशाला न जाता तिथंच, सगळ्यांदेखत रडली. वनमालाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. असलं काही त्या सहसा करत नसत.

मग तिनं ओढणीनं तोंड पुसलं आणि शेडकडे पाहिलं. अजून बरेच ढीग बोलीविना पडले होते, आणि ऊन उतरायला लागलं होतं.

"उद्या कावून?" ती म्हणाली. "आजचा लिलाव अर्धा राहिलाय, काका. सरका."

ती आपल्या खुर्चीवर जाऊन बसली आणि तिनं पुढचा ढीग बोलीला काढला.